बाप चॅम्पियन आहे, पण आई कोण?

भाचा सारंगखेड्याच्या यात्रेहून परतला तो घरी न जाता थेट आमच्याकडे, दांडिया बाजारात आला. चहा येईपर्यंतही त्याला दम निघेना. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, ही बघा." दीड वर्षाची काठियावाडी वछेरी. (मादी शिंगराचं अंग भरलं की त्याला मराठीत काय म्हणायचं ते आम्हा बडोदेकरांना पटकन आठवत नाही, गुजराती शब्दच तोंडात बसलाय.) कुमैत रंग, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. मालकाची मागणी साडेचार लाखांची.

"एवढं काय आहे हिच्यात?"

"बाप चॅम्पियन आहे, मामा." लगेच बापाचा व्हिडिओ लागला. लाल झूल, पायात घुंगरू, ढोलाच्या ठेक्यावर थयथय नाचणारा उमदा घोडा, भोवती मोबाइल धरलेली दीडशे माणसं.

"आणि आई?"

"आई... असेल ना कुठली तरी घोडी."

मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. माझे आजोबा गायकवाडांच्या खासगी खात्यात, पागेच्या कचेरीत कारकून होते. चंदी-वैरणीचा हिशोब त्यांच्याकडे. त्यामुळे घोडा आमच्या घरात वहीतून आला, पाठीवर बसायची वेळ फारशी आली नाही. पण आजोबा एक म्हण सारखी म्हणायचे, पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांकडून ऐकलेली: "माँ पर पूत, पिता पर घोडा, बहुत नहीं तो थोडा थोडा." मुलगा आईवर जातो, घोडा बापावर. भाच्याने ही म्हण ऐकली नसेल, पण साडेचार लाख तो तिच्याच भरवशावर मोजायला निघाला होता. म्हणून त्याला बसवून जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात आपल्या बडोद्यातूनच करू.

१९४५ साली, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, इंग्लंडमध्ये डॉनकॅस्टरच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू उभं राहिलं. पाठीवर खोगीर पडलेलं नाही, शर्यतीचं मैदान पाहिलेलं नाही. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी ते २८,००० गिनींना घेतलं. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा झाले २९,४०० पाऊंड. त्या वेळच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. वर्षाच्या शिंगराला तोवर कुणी एवढी किंमत दिली नव्हती. महाराजांनी त्याला आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. चार वर्षांनी तेच नाव इथल्या विद्यापीठालाही लागलं. विद्यापीठात शिकलेल्या किती जणांना घोडा ठाऊक असेल, देव जाणे.

शिंगराने काही करून दाखवलेलं नव्हतं, तर पैसे कशाचे? भावाचे. डांटे नावाचा त्याचा सख्खा भाऊ, आईही तीच आणि बापही तोच, त्याच वर्षी डर्बी ही इंग्लंडची मानाची शर्यत जिंकला होता. बाप निअर्को, चौदा शर्यती धावून चौदाही जिंकलेला, १९३८ मध्ये ६०,००० पाऊंडांना विकला गेलेला. आई रोझी लेजंड. महाराजांचा हिशोब सरळ होता: ज्या साच्यातून एक डर्बीवाला निघाला त्याच साच्यातून दुसरा निघेल.

निघाला का? निघाला आणि नाहीही. १९४७ मध्ये सयाजीराव इंग्लंडच्या दोन हजार गिनी शर्यतीत तिसरा आला, डर्बीतही तिसरा. मग आयर्लंडची डर्बी जिंकला, आणि सप्टेंबरमध्ये, देश स्वतंत्र होऊन महिना होतो न होतो तोच, सेंट लेजर जिंकला. ही जवळजवळ तीन किलोमीटरची शर्यत, दमाची परीक्षा पाहणारी. थोरला भाऊ वेगळाच होता. डांटे दोन वर्षांचा असतानाच सहापैकी सहा शर्यती मारून त्या वयाच्या घोड्यांत अव्वल ठरला होता. धाकट्याने मोठी बाजी मारली ती तीन वर्षांचा झाल्यावर, आणि पल्ला जितका लांब तितका तो बरा. पुढे दोघांची मुलंही त्याच वळणाची निघाली. डांटेचा मुलगा डेरियस १९५४ ची दोन हजार गिनी जिंकला, सोळाशे मीटरची. सयाजीरावची मुलगी ग्लॅडनेस १९५८ चा ॲस्कट गोल्ड कप जिंकली, चार किलोमीटरचा. मुलगा इंडियाना १९६४ ची सेंट लेजर. एकेका मुलावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण चित्र बोलकं आहे.

म्हणजे महाराजांना घोडा उत्तम मिळाला, फक्त ज्याच्यासाठी पैसे मोजले तो तसाच मिळाला नाही. सख्ख्या भावांत एवढा फरक का, हे समजलं की वंशावळीचा निम्मा उलगडा होतो.

पत्ते पिसल्यावर

घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक बापाकडून, एक आईकडून. बाप आपल्या शिंगराला देताना प्रत्येक जोडीतलं एकच देतो, आणि कोणतं हे नाणेफेकीने ठरतं. नाणं ३२ वेळा उडवायचं. छापा-काट्याच्या किती तऱ्हा होतात? ४२९ कोटींच्या वर. तेवढ्याच आईच्या बाजूने. शिवाय देण्यापूर्वी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, ते वेगळंच. म्हणून एकाच आईबापाची दोन शिंगरं सरासरीने निम्मीच सारखी असतात. घरात दोन भाऊ असलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. बापाकडून निम्मं, आजोबाकडून सरासरीने पाव, पणजोबाकडून आठवा भाग. आठ पिढ्यांमागच्या नावाचा वाटा उरतो २५६ मधला एक. इंग्रजी शर्यतीच्या घोड्यांची म्हणजे थरोब्रेडची गंमत अशी की आज जगातल्या त्या जातीच्या सुमारे ९५ टक्के नरांची बापाकडची ओळ एकाच घोड्यापर्यंत जाते: १७०४ साली सीरियातून इंग्लंडला गेलेला डार्ली अरेबियन. पण ज्याचा वंश सगळ्यांतच आहे त्याच्या नावाने कुणाला जास्त पैसे द्यावेत? यात्रेत तर दर चौथा घोडा चेतकच्या वंशातला असतो. हळदीघाटीची लढाई १५७६ ची. घोड्याची पिढी दहा वर्षांची धरली तर मध्ये पंचेचाळीस पिढ्या गेल्या. चेतकबद्दल आदर आहेच, पण व्यवहारात त्याची किंमत शून्य धरावी.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, म्हणून सावकाश सांगतो. "हा गुण रक्तात आहे" असं आपण म्हणतो तेव्हा शास्त्रज्ञ विचारतात, किती? समजा एका पागेत शंभर घोडे आहेत आणि त्यांच्या उंचीत फरक आहे. त्या फरकातला किती भाग आईबापांमुळे आणि किती चंदीमुळे, आजारामुळे, संगोपनामुळे, हे मोजता येतं. उंचीच्या बाबतीत ढोबळमानाने निम्मा किंवा त्याहून अधिक फरक वंशाचा निघतो. शर्यतीतल्या यशाच्या बाबतीत बहुतेक मोजण्या एक तृतीयांशाच्या आतच राहतात. बाकीचं काम खुराक, ट्रेनर, जॉकी, मैदान आणि नशीब करतं. स्वभावाचे आकडे अभ्यासागणिक बदलतात, कारण स्वभाव मोजायचा कसा यावरच एकमत होत नाही. पण तेही साधारण या खालच्या पट्ट्यातच फिरतात. हा आकडा पागेबद्दल बोलतो, एका घोड्याबद्दल नव्हे. "या घोडीचा तीस टक्के स्वभाव बापाचा" असं वाक्य अर्थहीन आहे. साखर बापाची आणि दूध आईचं असा चहा इथे होत नाही.

तापट रक्त

आता स्वभावाकडे येऊ, कारण भाच्याचा मुद्दा तोच होता: "बाप एवढा रुबाबदार, मुलगी तशीच होणार."

स्वभावाचा काही अंश रक्तातून उतरतो यात शंका नाही. २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या थरोब्रेडचा अभ्यास करून दाखवलं की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाशी संबंधित एका जनुकाच्या प्रकारानुसार घोड्याचं कुतूहल आणि सावधपणा कमीजास्त आढळतो. काही घोडे नवी बादली दिसली की हुंगायला जातात, काही फुरफुरत मागे सरतात. या फरकात जनुकाचा हात आहे. हात आहे, लगाम नाही.

घोडेवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. पुन्हा निअर्कोच्याच घरात शिरू. त्याचा एक मुलगा नसरुल्ला, आगाखानांचा. आई मुमताज बेगम, आजी मुमताज महल. नावं वाचून आपल्याला ओळखीचं वाटतं, पण ही सगळी युरोपातल्या कुरणांतली मंडळी. नसरुल्लाकडे वेग अफाट आणि हट्टही तेवढाच. मनात आलं की मैदानात पाय रोवून उभा राहायचा, हलायचाच नाही. निअर्कोचा खापरपणतू हेलो, तो तर माणसांच्या अंगावर जायचा, म्हणून त्याला मुसकं बांधावं लागे. हेलोचा मुलगा संडे सायलेन्स मोठा विजेता असूनही अमेरिकेतल्या पैदासकारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जपानने त्याला विकत घेतलं. १९९५ पासून २००७ पर्यंत सलग तेरा वर्षं जपानमधल्या सर्वांत यशस्वी बापांच्या यादीत तो पहिला होता. तापट रक्त आणि वेगवान रक्त पुष्कळदा एकाच भांड्यात येतं. एक हवं तर दुसरं सोसावं लागतं.

पण त्याच नसरुल्लाचा नातू सेक्रेटेरियट. १९७३ चा अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षी तिथल्या तीन मोठ्या शर्यती जिंकलेला, आणि वागायला अगदी गुणी. घराणं तापट म्हणून प्रत्येक शिंगरू तापट होतं असं नाही.

इथे मला एक शंका नेहमी येते. एखाद्या घोड्याचा बाप चावरा म्हणून प्रसिद्ध असेल, तर त्या शिंगराला पहिल्या दिवसापासून मोतद्दार कसा हाताळतो? हातात काठी, लांबूनच दोर, आवाज चढा. सहा महिन्यांनी शिंगरू चावतं. मग सगळे म्हणतात, बघा, रक्तच तसं. यात रक्त किती आणि काठी किती, हे वेगळं काढायला शिंगरू दुसऱ्याच्या हाती वाढवून पाहावं लागेल.

आपल्याकडच्या जुन्या परीक्षकांचा भर भोवऱ्यांवर. कपाळावर भोवरा कुठे, गळ्याखाली देवमण आहे का, चारही पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी. शुभ-अशुभ मी सोडून देतो. पण पोलंडच्या कोनिक जातीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या पातळीहून वर असलेले घोडे हाताळायला जड गेल्याचं दिसलं होतं. आजोबा असते तर त्यांनी आठवडाभर मला हेच ऐकवलं असतं.

आईचं दूध

आता त्या म्हणीकडे. घोडा बापावर जातो का?

१९३८ मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी एक सुरेख प्रयोग केला. शायर ही हत्तीसारखी अवजड जात, शेटलंड हे गुडघ्याएवढं तट्टू. कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला: एकदा शायर आई आणि शेटलंड बाप, एकदा उलट. रक्ताचा हिशोब दोन्हीकडे सारखाच, निम्मं-निम्मं. पण शायर घोडीच्या पोटी आलेली शिंगरं जन्मतः शेटलंडच्या पोटी आलेल्यांच्या तिपटीएवढी होती, आणि मोठी झाल्यावरही हा फरक पूर्ण मिटला नाही. गर्भाशयाची जागा आणि आईचं दूध यांनी रक्ताचं गणित बदलून टाकलं.

याहून जवळचं उदाहरण खेचराचं. बाप गाढव आणि आई घोडी असेल तर खेचर होतं: दणकट, काटक, लष्करालाही हवंसं. बाप घोडा आणि आई गाढवीण असेल तर जे होतं ते दिसायला, अंगाला आणि वागायला वेगळंच असतं, आणि फारसं कुणी मुद्दाम पैदा करत नाही. दोघांतही अर्धा घोडा, अर्धं गाढव.

आणि स्वभाव? घोडी अकरा महिने पोटात वाढवते, मग पाच-सहा महिने शिंगरू तिच्या मांडीला मांडी लावून चालतं. घाबरायचं कशाला, माणूस आला तर पळायचं की उभं राहायचं, हे ते तिच्याकडे पाहून शिकतं. फ्रान्समध्ये संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस, रोज थोडा वेळ, शिंगराला हात न लावता फक्त आईला खरारा केला आणि हाताने खाऊ घातलं. शिंगरू बाजूला उभं राहून बघत होतं. ती शिंगरं पुढे माणसाजवळ आपणहून येऊ लागली, आणि साधारण वर्षाची झाली तरी हा फरक टिकून होता. रक्ताचा इथे काही संबंध नाही. आई निवांत आहे एवढंच त्यांनी पाहिलं.

बडोदेकराला हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. आपल्या दरबारचे गवई उस्ताद फैयाज खाँ आग्रा घराण्याचे म्हणून ओळखले जातात. पण आग्रा हे त्यांचं आजोळ. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले. गाणं आईच्या वडिलांनी, गुलाम अब्बास खाँनी शिकवलं. घराणं तालमीतून येतं, आणि घोड्याची पहिली तालीम आईपाशी होते.

हे जुन्या लोकांना ठाऊक होतं असं म्हणायला जागा आहे. अरबस्तानातले भटके बेदुइन घोड्याचं कूळ आईकडून मोजत. आपल्या शेजारच्या काठियावाडात तर जातीच्या पोटशाखा, अठ्ठावीस असल्याचं सांगतात, त्या बहुतेक मूळ घोडीच्या नावाने चालतात. म्हणजे माझा भाचा ज्या जातीची वछेरी घ्यायला निघाला होता त्या जातीत विचारायचा पहिला प्रश्न आईचा, आणि त्याने तोच विचारला नव्हता.

आता तर आई कोण हेही सरळ राहिलेलं नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत भ्रूण-प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्माला आलं. बीज एकीचं, पोट आणि दूध दुसरीचं. कागदावर पहिलीचं नाव लागणार. स्वभावाचा विचार करणाऱ्याने मात्र दुसरीलाही जाऊन भेटावं.

मग बापाचा एवढा डंका का?

माझं उत्तर अगदी रुक्ष आहे: मोजणीमुळे. घोडी वर्षाला एक शिंगरू देते. सगळं सुरळीत झालं तर आयुष्यात दहा-बारा. वळू घोडा एका हंगामात शंभर-दीडशे घोड्यांना लागू शकतो. पाच वर्षांत त्याची पाचशे मुलं मैदानात दिसतात. पाचशेंची सरासरी काढली की बाप कसा आहे ते कळतं. दहा शिंगरांवरून आई कशी हे कळेपर्यंत ती म्हातारी होते. बाजार ज्याची आकडेवारी मिळते त्याला भाव देतो. म्हणून बापाचं नाव ठळक अक्षरात आणि आई "कुठली तरी घोडी". रक्ताचा वाटा दोघांचाही निम्माच आहे.

गंमत अशी की जगातला सर्वांत मुरलेला घोडेबाजार हे मनातून जाणतो. थरोब्रेडच्या व्यापारात एकाच बापाच्या दोन घोड्यांना सावत्र भाऊ म्हणतच नाहीत; शेकडो असतात, म्हणणार कुणाकुणाला? आई एक असेल तरच भाऊ. लिलावाच्या पुस्तकात शिंगराच्या पानावर बापाला दोन-चार ओळी मिळतात, आणि बाकी सगळं पान आई, आजी, पणजी आणि त्यांच्या मुलाबाळांचं. त्यातल्या मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं जाड ठशात छापतात. जाणकार आधी जाड ठसा शोधतो.

सेक्रेटेरियटचंच बघा. बाप म्हणून त्याच्या मुलांनी निराशा केली. मुलींनी मात्र ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट असे नातू दिले, आणि स्टॉर्म कॅटची एका घोडीमागची फी पुढे ५ लाख डॉलरपर्यंत गेली. आपल्या महाराजांचा दुसरा घोडा माय बाबू, १९४८ च्या दोन हजार गिनीचा विजेता. त्याची केरळा नावाची मुलगी डमॅस्कसची आई झाली, आणि डमॅस्कस १९६७ मध्ये अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. बडोद्याच्या पागेचं नाव तिकडे एका लेकीमुळे पोचलं.

किंमत ठरते कशी, ते आता थोडक्यात. शिंगराचं आयुष्य तीन टप्प्यांचं. पहिल्यात कागद बोलतो, कारण दुसरं काही बोलायला नसतं. दुसऱ्यात मैदान बोलतं आणि कागद मागे पडतो. तिसऱ्यात मुलं बोलतात. सर्वांत मोठे जुगार पहिल्या टप्प्यात होतात. १९८३ मध्ये स्नाफी डान्सर हे वर्षाचं शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरना विकलं गेलं, बाप त्या काळचा सर्वांत नावाजलेला नॉर्दर्न डान्सर. ते एकदाही शर्यतीत उतरलं नाही, इतकं सुस्त निघालं. आणि पैदाशीलाही जवळजवळ निरुपयोगी. २००६ मध्ये द ग्रीन मंकी १ कोटी ६० लाख डॉलरना गेला. तीन शर्यती धावला, एकही जिंकली नाही. उलट १९७५ मध्ये १७,५०० डॉलरना घेतलेला सिॲटल स्लू दोन वर्षांनी तिहेरी मुकुट घेऊन गेला. हे अपवाद आहेत म्हणूनच लक्षात राहतात, हेही खरं. चांगल्या आईबापांची शंभर शिंगरं सुमारांच्या शंभरांपेक्षा सरासरीने चांगलीच धावतात. पण विकत घेणारा सरासरी घेत नाही, एकच शिंगरू घेतो.

वरच्या टोकाला किंमत एवढी फुगते याचं कारण तिसरा टप्पा. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे. घोडीला घोड्यापर्यंत न्यावंच लागतं, त्यामुळे जागा मोजक्या. चौदापैकी चौदा शर्यती जिंकलेल्या फ्रँकेलची २०२४ ची फी एका घोडीमागे साडेतीन लाख पाऊंड होती. शंभर घोड्यांनी गुणा. म्हणूनच खच्ची केलेल्या घोड्याला, तो कितीही कुलीन असो, कुळाचे पैसे मिळत नाहीत. त्याची किंमत त्याच्या पाठीची. आणि बसायला शिकणाऱ्याला तोच बहुधा सर्वांत बरा. घोडीचं उलट: ती धावली नाही तरी आई होऊ शकते, म्हणून चांगल्या घरातल्या वछेरीची किंमत एकदम तळाला जात नाही. भाच्याच्या बाजूने असलेला हा एकमेव मुद्दा मी प्रामाणिकपणे त्याच्या पदरात टाकला.

एका बापाच्या मागे सगळे लागले की काय होतं तेही सांगायला हवं. अमेरिकेत १९६९ मध्ये जन्मलेला इम्प्रेसिव्ह नावाचा, क्वार्टर हॉर्स या जातीचा घोडा. अंगावर स्नायूंचे असे डोंगर की प्रदर्शनात त्याच्यासमोर कुणी उभं राहू नये. त्याची मुलं हजारोंनी पैदा झाली. मग ध्यानात आलं की त्यांतली काही अचानक थरथरतात, कोसळतात. १९९२ मध्ये दोष सापडला: स्नायूंतल्या एका जनुकाचा, त्याच्यापासून उतरलेला, आणि एका पालकाकडून आला तरी पुरणारा. ज्या स्नायूंवर लोक भाळले होते त्यांच्याशीच या बिघाडाचा संबंध होता. वंशावळीच्या कागदावर त्याचं नाव दोनदा आलं तर पूर्वी भाव वाढे, आता आधी रक्ततपासणी मागतात.

एवढं सगळं ऐकून भाच्याने विचारलं, "म्हणजे घेऊ नको?"

मी म्हटलं, घे, पण घोडी बघून घे. कागद दाखवतील त्यावर विश्वास ठेवू नकोस; आयाळीचे मुळासकट उपटलेले वीस-तीस केस लागतात, डीएनएवरून आईबाप खरे की खोटे ते कळतं. हिची भावंडं कुठे आहेत ते विचार, एखादं तीन-चार वर्षांचं असेल तर त्याच्या पाठीवर बसून ये. आणि आईला भेट. तू नुसता जवळ गेल्यावर ती कान मागे टाकते की मान पुढे करते, खूर उचलू देते का, ट्रॅक्टर गेला तर काय करते. लग्नसराईत रावपुऱ्याच्या रस्त्यावर वरघोड्याची घोडी पाहिलीस ना? कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर चढलेला नवरदेव, आणि ती पापणी हलवत नाही. तिच्या बापाचं नाव तिच्या मालकालाही ठाऊक नसतं.

त्याने तिथेच, माझ्यासमोर विकणाऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. "भाई, घोडीच्या आईचा व्हिडिओ पाठवा ना."

"आत्ता पाठवतो साहेब, एकदम सरस आहे."

दोन मिनिटांनी मोबाइल वाजला. लाल झूल, पायात घुंगरू, ढोल.